हुन्नर : टायटॅनियमचा रंग का बिघडतो?

उमापूरहून एका भगिनीने विचारले आहे : “मुलगा वाळूजला एका छोट्या कारखान्यात हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूंना रंग चढवतो. कधी निळ्याऐवजी जांभळा येतो, कधी डाग पडतात. माल परत आला की बोलणी त्यालाच बसतात. दोष कोणाचा?”

भगिनी, हा रंग डब्यातला नसतो. स्क्रू क्षाराच्या पाण्यात बुडवून विजेच्या धन टोकाला जोडतात. त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक थर वाढतो आणि साबणाच्या फुग्यावर दिसावा तसा रंग दिसू लागतो. थराची जाडी व्होल्टेजवर ठरते. साधारण २० व्होल्टला जांभळा, ३० च्या आसपास निळा, ५५-६० ला सोनेरी. म्हणजे निळ्याच्या जागी जांभळा आला, तर बहुधा स्क्रूपर्यंत पुरते व्होल्टेज पोहोचलेले नाही.

अशा वेळी मुलाने आधी पकड पाहावी. ती सैल असेल, तर रंग मागे राहतो. पाण्यात बुडणारा आकडा टायटॅनियमचाच हवा. तांब्याची तार बुडाली, तर वीज तिच्यातूनच वाहून जाते. व्होल्टेज हळूहळू चढवावे. रंग पुढे गेला, तर व्होल्टेज उतरवून तो मागे येत नाही. थर काढून पुन्हा सुरुवात करावी लागते.

डागांचे कारण बहुतेकदा तेल किंवा बोटांचे ठसे असते. कल्हईवाला भांडे घासून, नवसागर लावून मगच कथील फिरवतो. मळक्या भांड्यावर कल्हई धरत नाही. इथेही तेच. धुतल्यावर पाणी थेंबाथेंबाने न तुटता सारखे पसरले, तर स्क्रू स्वच्छ समजावा. त्यानंतर उघड्या हाताने धरू नये.

जुना थर काढायला काही ठिकाणी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. त्याची जळजळ कधी उशिरा जाणवते, तोवर ते आतवर, हाडापर्यंत गेलेले असते. योग्य हातमोजे, चष्मा, कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम आणि शिकवणारा उस्ताद यांपैकी एकही नसेल, तर मुलाने त्या कामाला साफ नकार द्यावा. वीज बंद केल्याशिवाय टाकीत हात घालू नये.

दोष कोणाचा, हे वही सांगेल. प्रत्येक खेपेला तारीख, व्होल्टेज, वेळ आणि धुण्याची पद्धत लिहून ठेवावी. सगळे नोंदीप्रमाणे असूनही रंग बदलला, तर पकड, पाणी किंवा मशीन तपासायला मालकाला सांगता येईल. हाडाच्या स्क्रूंचे माप अनेकदा रंगावरून ओळखतात. म्हणून चुकीच्या रंगाचा माल परत आला, तर त्यात अपमान मानू नये. तो ऑपरेशनच्या टेबलावर पोहोचला नाही, हेच बरे झाले.