खुराक दाखवा, सल्ला विकू नका

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या हेन्रिक क्रिस्टियनसन या जलतरणपटूला पदक मिळालं नाही. तरी त्या पंधरवड्यात जगभरच्या पोरांना तो ठाऊक झाला. खेळाडूंच्या वसाहतीतल्या जेवणघरात मिळणारा चॉकलेट मफिन त्याला भलताच आवडला आणि तो खातानाचे छोटे छोटे व्हिडिओ त्याने टिकटॉकवर टाकले. लोक त्याला ‘मफिन मॅन’ म्हणू लागले. त्याआधीच्या वर्षी आपल्याकडे हरियाणाच्या अंकित बैयनपुरियाचं नाव झालं. कुस्तीतून आलेला हा पोरगा देशी व्यायाम आणि साधा खुराक दाखवत राहिला. १ ऑक्टोबर २०२३ला तो थेट पंतप्रधानांबरोबर स्वच्छता मोहिमेच्या व्हिडिओत दिसला.

हे पाहून आपल्या तालमींतली, कबड्डीच्या संघांतली, धावण्याच्या ग्रुपमधली पोरंपोरीही फोन काढून ताटाचे व्हिडिओ करू लागली आहेत. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. खेळाडूची कमाईची वर्षं थोडी असतात. गुडघा गेला की मैदान सुटतं, पण स्वयंपाकघर सुटत नाही. दुखापतीच्या काळातही चालू राहील अशी ओळख हाताशी असणं शहाणपणाचंच आहे. तेव्हा हे आवाहन ‘करू नका’ असं सांगणारं नाही. करा, पण नीट करा.

सुरुवात तुमच्याकडे जे खरोखर आहे त्यापासून करा. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत मुक्कामाला असलेल्या पैलवानाकडे दाखवण्यासारखं काय नाही? बदाम भिजत घालणं, सोलणं, कुंडीत थंडाई घोटणं, गावाकडून आलेला तुपाचा डबा, आज स्वयंपाकाची पाळी कुणाची यावरून होणारी भांडणं. साताऱ्याच्या घाटात धावणारी पोरगी पहाटे निघण्याआधी काय खाते आणि परत आल्यावर नाचणीच्या भाकरीबरोबर काय घेते? जिल्हा स्पर्धेला गेलेल्या कबड्डी संघाला दोन दिवस काय जेवण मिळतं? आणि एक व्हिडिओ तर कुणीच करत नाही, तो तुम्ही कराच: महिन्याच्या खुराकाचा हिशोब. दूध किती लिटर, बदाम किती किलो, अंडी किती, रुपये किती आणि ते आले कुठून. पोराला तालमीत घालावं की नाही हे ठरवणाऱ्या बापाला याच आकड्यांची गरज असते. परदेशी ओट्सच्या वाटीवर बेरी रचून काढलेला फोटो तुमच्याआधी लाखो लोकांनी टाकला आहे.

बोलताना घरी बोलता तीच बोली ठेवा. चंदगडचा पोरगा चंदगडी बोलला तर काही बिघडत नाही. महागडा कॅमेरा नको, खिडकीचा उजेड आणि पंचवीस-तीस सेकंद पुरे. मात्र सरावाच्या वेळी फोन बंद. सुट्टीच्या दिवशी आठवड्याचं चित्रीकरण एकदम उरका, स्पर्धेच्या आधीचे दिवस काही टाकलं नाही तरी चालतं. आणि तालमीत कॅमेरा नेण्याआधी वस्तादांना विचारा. तालीम त्यांची आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. ताट दाखवणं वेगळं आणि दुसऱ्याला ताट लावून देणं वेगळं. हजार बैठका मारणाऱ्याचं ताट दिवसभर दुकानात बसणाऱ्याला लावलं तर त्याचं पोट सुटेल, आणि त्याला मधुमेह असेल तर त्याहून वाईट होईल. खेळाडूला वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात असं क्रीडा-आहारशास्त्र सांगतं. पण कुणाला किती, कधी आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर काय, हे सांगणं आहारतज्ज्ञाचं काम. लोक कमेंटमध्ये विचारतील, ‘दादा, माझं वजन वाढत नाही, काय खाऊ?’ तेव्हा ‘मी हे खातो’ एवढंच सांगा. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या एएससीआय या संस्थेने २०२३मध्ये स्पष्ट केलं आहे की पैसे घेऊन आरोग्याचा सल्ला देणाऱ्याकडे त्या विषयाची पात्रता हवी आणि ती व्हिडिओत सांगायला हवी. राष्ट्रीय पदक ही ती पात्रता नव्हे.

वजनगटात खेळणाऱ्यांना एक वेगळी विनंती. पॅरिसमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट १०० ग्रॅम जादा वजनामुळे अपात्र ठरली आणि त्यानंतर दोनच दिवसांनी कांस्य जिंकणाऱ्या अमन सेहरावतने दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. त्यामागे डॉक्टर, प्रशिक्षक, फिजिओ अशी फौज असते, हे वाचणाऱ्याला दिसत नाही. तहानेने सुकलेलं तोंड आणि घाम गाळण्यासाठी अंगावर चढवलेला रेनसूट यांचे रील खूप चालतात, हे खरं. पण ते पाहणारी चौदा वर्षांची मुलगी शाळेच्या कुस्ती संघात असते. पोटाला पुरेसं न देता सराव रेटणाऱ्या मुलींची पाळी थांबते, हाडं कच्ची होतात. वजन तोडण्याचे व्हिडिओ टाकू नका. मिळतील त्या व्ह्यूजवर पाणी सोडा.

मग येतो प्रोटीन पावडरचा डबा. तुमचे दहा-पंधरा हजार फॉलोअर झाले की पहिला फोन बहुधा पावडर विकणाऱ्याचाच येतो. फुकट दोन डबे, वर थोडे पैसे आणि ‘फक्त हातात धरून फोटो काढा’. इथे थांबा. उत्तेजक चाचणीचा नियम कडक आहे: शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार. बंदी असलेला पदार्थ डब्यावर छापलेला नव्हता, हे सांगून दोषातून सुटका होत नाही. फार तर शिक्षा कमी होऊ शकते, आणि त्यासाठीसुद्धा तो त्याच डब्यातून आला हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. काही पदार्थांसाठी बंदी चार वर्षांपर्यंत जाते. चार वर्षं म्हणजे बहुतेकांची कारकीर्दच. तपासणी झालेल्या बॅचचा डबा धोका कमी करतो, शून्य करत नाही. बरं, तुम्ही वाचलात तरी तुमच्या शब्दावर तोच डबा घेणारा तालुक्याचा ज्युनिअर पैलवान अडकू शकतो. त्याच्या बापाला तुम्ही काय सांगणार? जो डबा तुम्ही डॉक्टरच्या सल्ल्याने, बिल आणि बॅच नंबर जपून, स्वतः वापरत नाही, तो पैशासाठी हातात धरू नका. मला विचाराल तर पावडरची पहिली जाहिरात नाकारणं हीच तुमच्या ब्रँडची खरी सुरुवात. दुधाची डेअरी, गुळाचं गुऱ्हाळ, मसाल्याचा गावातला उद्योग, भांड्यांचं दुकान यांच्याकडे पैसे कमी असतील, पण झोप चांगली लागते.

पैसे घ्या, उघडपणे घ्या. ‘जाहिरात’ हा शब्द व्हिडिओवर ठळक लिहा, पंचवीस हॅशटॅगच्या खाली दडवू नका. पैशाऐवजी वस्तू मिळाली तरी ती जाहिरातच धरली जाते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, शिवाय जाहिरात करायला बंदी येऊ शकते. फुकट आलेल्या आणि ठेवून घेतलेल्या वस्तूही करात मोजल्या जातात, तेव्हा वर्षातून एकदा सीएकडे जा. रेल्वेत, पोलिसात किंवा दुसऱ्या सरकारी खात्यात खेळाच्या कोट्यातून लागलेल्यांनी आधी साहेबांची लेखी परवानगी घ्यावी. सेवानियम खासगी धंद्याला मोकळीक देत नाहीत, आणि नोकरी रीलपेक्षा मोठी आहे. करार वाचल्याशिवाय सही नको. तुमचा चेहरा कंपनी किती महिने वापरणार आणि पैसे किती दिवसांत देणार, ही दोन कलमं तरी बोट ठेवून वाचा. अठराच्या आतल्या मुलाचा करार कायद्याने टिकत नाही, म्हणून तिथे आईबापांनी स्वतः बसून बोलावं.

उद्या स्वतःचे डिंकाचे लाडू किंवा थंडाई मसाला विकावासा वाटला तर अन्नसुरक्षेवर देखरेख करणाऱ्या एफएसएसएआयची नोंदणी, घटकांची यादी, वजन, तयार केल्याची तारीख हे सगळं आधी. ‘हाय प्रोटीन’ हे शब्द मनाला येईल तसे छापता येत नाहीत, त्यालाही प्रमाण ठरलेलं आहे. घाई नको. आधी दोन-तीन वर्षं लोकांना तुमचं ताट ओळखीचं होऊ द्या.

आईवडिलांना आणि प्रशिक्षकांना एवढंच सांगायचं आहे: पोर फोन घेऊन स्वयंपाकघरात उभं राहिलं की ओरडू नका, शेजारी उभे राहा. आणि खेळाडूंनो, हा मजकूर वाचून झाल्यावर लगेच एक काम करा. तुमचं खातं कुणा मित्राने किंवा मॅनेजर म्हणवणाऱ्या पोराने काढून दिलं असेल, तर आजच ते स्वतःच्या मोबाइल नंबरवर घ्या, पासवर्ड बदला आणि तो कुणाला देऊ नका.