‘पण’ या अव्ययाविषयी

शालेय व्याकरणात ‘पण’ हे न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून शिकवले जाते. पहिल्या वाक्यात जे सांगितले त्यात काही उणे आहे, असा बोध ते करून देते. २०२० साली हे अव्यय महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या फोनवर येऊन बसले. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे वाक्य त्या वर्षी परिपत्रकांत, बातम्यांत, शिक्षकांच्या गटांवर इतक्या वेळा आले की ते कोणी लिहिले आहे, हेच विसरले गेले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अभ्यासमालेचे तर नावच ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे’ असे होते. कवितेतल्या एका स्वल्पविरामावर तासभर बोलणाऱ्या आम्हां मराठीच्या अध्यापकांनी या वाक्याचे वाचन मात्र केले नाही. ते ब्रह्मपुरीच्या संदर्भात येथे करावयाचे आहे.

ब्रह्मपुरीच का? चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तरेला, वैनगंगेच्या अलीकडे वसलेले हे तालुक्याचे गाव भोवतालच्या धानपट्ट्यात शिकण्याचे गाव म्हणून ओळखले जाते. नेवजाबाई हितकारिणीसारख्या संस्थांची विद्यालये आणि महाविद्यालये येथे आहेत, आणि आसपासच्या गावांतली मुले सायकलीने, एसटीने किंवा खोली करून राहून येथे शिकतात. अशा ठिकाणी हायस्कूल म्हणजे चार भिंती आणि अभ्यासक्रम एवढाच अर्थ होत नाही. आपल्या गावाबाहेरच्या माणसांसमोर उभे राहून बोलण्याची बहुतेक मुलांची ती पहिली जागा असते. मार्च २०२० मध्ये ही जागा बंद झाली. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता. तो आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्द झाला, आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून देण्यात आले. (नेमका भूगोल रद्द व्हावा, आणि त्यानंतर दीड-दोन वर्षे कोण शिकेल व कोण नाही हे भूगोलानेच ठरवावे, याला काय म्हणावे!)

नवे सत्र जून २०२० मध्ये दूरस्थ पद्धतीने सुरू झाले. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे एरवीही जूनच्या अखेरीस उघडतात. नंतर थोड्याच दिवसांत पऱ्हे काढून रोवणीला सुरुवात होते. वर्ग भरत असताना रोवणीच्या दिवसांतही ‘शाळेत जायचे आहे’ हे वाक्य मुलाच्या, विशेषतः मुलीच्या, तोंडी असते आणि ते घरात ऐकले जाते. ‘मोबाइलवर शाळा आहे’ या वाक्याला बांधीच्या चिखलात तेवढे वजन नव्हते. त्यातून मोबाइल कोणाचा? २०२० च्या ‘असर’ सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातील ६१.८ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ होते. ही वाढ मोठीच. तथापि घरी फोन असणे आणि सकाळी अकरा वाजता तो मुलीच्या हातात असणे यांतले अंतर कोणत्याही टक्केवारीत मावत नाही. फोन वडिलांबरोबर कामावर जातो. संध्याकाळी तो परत येतो तेव्हा दिवसभराचे सहा विषय त्यात एकावर एक साचलेले असतात.

ऑगस्टच्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगेला महापूर आला. ब्रह्मपुरी तालुक्यातली अनेक गावे वेढली गेली. नदीच्या पात्रातच वसलेल्या लाडजच्या लोकांना बाहेर काढावे लागले. घरातले धान्य ओले झाले होते. त्या दिवसांतही अभ्यासाचे दुवे नियमाने येत राहिले असणार, कारण दुवा पाठवणाऱ्याला पाऊस दिसत नाही. ‘शिक्षण सुरू’ या शब्दांत ‘कोणाचे?’ हा प्रश्न विचारायला जागा नाही. वाक्यात कर्ता नसला की असे होते.

आमचा मुख्य मुद्दा मात्र साधनांच्या अभावाचा नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला बोलायचे आहे ते भाषेच्या तासाविषयी. ब्रह्मपुरीच्या परिसरातली मुले घरी झाडीबोली बोलतात. या बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘डोळा’चे ‘डोरा’ होते. मूल वर्गात ‘डोरा’ म्हणते, शिक्षक फळ्यावर ‘डोळा’ लिहितात, आणि या दोहोंच्या मध्ये काहीतरी घडते. कधी वर्ग हसतो. कधी शिक्षक स्वतःच त्याच भागातले असतात, आणि ‘आपण घरी डोरा म्हणतो, पेपरात डोळा लिहायचे’ असे सांगून पुढे जातात. या अर्ध्या मिनिटात मुलाला दोन भाषा मिळतात, किंवा एक कायमची हिरावली जाते. शिक्षक कसा आहे यावर ते अवलंबून असते. पण घडते ते तोंडाने उच्चारलेल्या शब्दातूनच. दूरस्थ शिक्षणात हे अर्धे मिनिटच उरले नाही. चित्रफितीतला आवाज प्रमाण मराठीत बोलून जात होता, आणि समोरच्याला चूक करण्याची सोय नव्हती. जेथे थेट तास भरत, तेथेही पहिली सूचना ‘सर्वांनी म्यूट करा’ अशीच असे. नेटवर्क पुरवायचे तर ती आवश्यकच होती, हे आम्ही जाणतो. तरीही भाषेचा तास सर्वांना मुके करून सुरू व्हावा, ही गोष्ट एखाद्या कथाकाराने लिहिली असती तर आम्ही तिला बटबटीत म्हटले असते.

एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करायला हवी. वर्गात कधीही हात वर न करणाऱ्या काही मुली व्हॉट्सअ‍ॅपवर लिहित्या झाल्या. धड्याखालच्या प्रश्नाचे उत्तर सोडून त्यांनी घरातले, शेतातले, आजारपणातले काही लिहून पाठवले, असा अनुभव आमच्यापैकी एकाहून अधिक जणांना आला. तो लाभ खरा होता, आणि त्याची दखल आम्ही तेव्हा घेतली नाही. कारण आम्हांला उत्तरे मोजायची होती. किती विद्यार्थ्यांना दुवा पाठवला, किती जणांनी उघडला, किती जण ‘सहभागी’ झाले, याचे तक्ते आम्ही भरत होतो. निळ्या खुणा म्हणजे हजेरी असे धरून आम्ही आकडे लिहिले. ते खोटे नव्हते, आणि खरेही नव्हते.

वैनगंगेपलीकडे देसाईगंज आहे. त्याला वडसा असेही म्हणतात, आणि झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक मंडळ्यांचे ते केंद्र आहे. दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटके होतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने तिच्याकडे जरा मान वळवून पाहिले. टाळेबंदीची झळ या मंडळ्यांनाही जबर बसली. कलावंतांच्या, पडदेवाल्यांच्या, वादकांच्या पोटावर पाय आला. परंतु ‘रंगमंच बंद, पण नाटक सुरू’ असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. प्रेक्षक समोर नाही तर प्रयोग नाही, हे त्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. बंद आहे ते बंद आहे, असे म्हणण्याचा हा सरळपणा शिकवण्याच्या व्यवसायात आम्हांला का दाखवता आला नाही?

याचे उत्तर काहीसे सहानुभूतीनेच द्यावे लागेल. एप्रिल २०२० मध्ये दुसरे काय म्हणता आले असते? घाबरलेल्या पालकांना धीर हवा होता. जगभरच्या शाळा बंद होत्या. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून ‘टिलीमिली’ आली, ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. नववी-दहावीची मुले तिच्या कक्षेबाहेर राहिली. अनेक शिक्षक स्वखुशीने दारोदार गेले. पालघर जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपक लावून धडे ऐकवले गेले, सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. हे प्रयत्न आम्हांला अधिक मोलाचे वाटतात, कारण त्यांनी मुलांना पुन्हा एका ठिकाणी, एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात आणले. म्हणजे शाळेचा काही अंश उघडला.

आक्षेप धीर देण्यावर नाही. धीराचे वाक्य पुढे हिशेबाच्या वहीत जसेच्या तसे उतरले, यावर आहे. २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. निकालासाठी नववीच्या निकालाला ५० टक्के, दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी, प्रात्यक्षिक वा अंतर्गत मूल्यमापनाला २० असे भारांश ठरले. आता ही नववी कोणती? २०१९-२० ची, जिची दुसऱ्या सत्राची परीक्षा टाळेबंदीने खाल्ली होती. अर्ध्या वर्षावर पूर्ण वर्षाचा निकाल उभा होता, आणि त्यावर दहावी. १६ जुलै २०२१ रोजी ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण जाहीर झाले. इतकी उणीव इतक्या भरगच्च आकड्यात क्वचितच लिहिली गेली असेल. मुलांना अनुत्तीर्ण करायला हवे होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या गुणपत्रिकेवर ‘या वर्षी शाळा बंद होती’ एवढे एक वाक्य असायला हवे होते, इतकेच. पुढच्या शिक्षकाला कोठून सुरुवात करायची ते त्यातून कळले असते.

वर्ग प्रत्यक्ष भरू लागल्यावरही हे वाक्य कोणी लिहिले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये पालकांचे संमतिपत्र घेऊन नववी ते बारावीचे वर्ग उघडले, वसंतात पुन्हा बंद झाले, ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडले. आणि लगेच एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, जो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. खेड्यातून येणाऱ्या मुलींसाठी तेव्हा खरे वाक्य ‘शाळा सुरू, पण एसटी बंद’ असे होते. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. त्याची अभ्यासमाला मात्र निघाली नाही.

ती मुले आज पदवीच्या वर्गांत किंवा त्यापलीकडे पोहोचली आहेत. मराठीच्या अध्यापकांच्या बैठकीत त्यांच्याविषयीची तक्रार ठरलेली असते: ही मुले वर्गात बोलत नाहीत, मोठ्याने वाचा म्हटले तर खाली पाहतात, प्रश्न विचारला तर चिठ्ठीसारखे एका ओळीचे उत्तर देतात. तक्रार करणाऱ्यांत आम्हीही आहोत. चौदा-पंधराव्या वर्षी, आवाज फुटण्याच्या वयात, ज्यांना आम्हीच ‘म्यूट करा’ म्हणून सांगितले, त्यांच्याकडून पाच वर्षांनी आम्ही वाचिक अभिनयाची अपेक्षा करीत आहोत. निदान झाडीपट्टीतल्या महाविद्यालयांनी पहिल्या वर्षाचा पहिला महिना लेखी काहीही न घेता नुसत्या मोठ्याने वाचनाला आणि बोलण्याला द्यावा, बोलीसकट, असे आमचे मत आहे. विद्यापीठाच्या वेळापत्रकात ते बसत नाही, हे उत्तर आम्हांला ठाऊक आहे.

आणि त्या मुलींनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेले ते मजकूर? आमच्यापैकी एकाने मध्यंतरी ते शोधले. फोनची जागा भरल्यामुळे २०२२ मध्येच तो गट पुसून टाकला होता.