सेल्व्हरचे बंड: विजयगाथा नव्हे



मागील अंकातील पत्रात अर्सुला ले ग्वीन यांच्या ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ (१९७२) या कादंबरिकेला ‘दुबळ्यांच्या विजयाची गाथा’ म्हटले आहे. मला हे अजिबात पटत नाही. अ‍ॅथ्शी ग्रहावरची जंगले तोडून लाकूड पृथ्वीला पाठवायचे आणि स्थानिकांना गुलामासारखे राबवायचे, हा तिथल्या माणसांच्या वसाहतीचा धंदा. स्थानिकांचे बंड न्याय्यच होते, त्याबद्दल दुमत नाही. बंडाचा नेता सेल्व्हर याच्या बायकोचा जीव वसाहतीतला अधिकारी डेव्हिडसन याच्या अत्याचाराने गेला, मग त्याने काय करायला हवे होते?

पण बंडखोरांनी वसाहतीतल्या शेकडो निःशस्त्र बायकांनाही ठार केले. वसाहतीतल्या ज्या मानवशास्त्रज्ञ ल्युबोव्हने सेल्व्हरचा जीव वाचवला, त्याला सेल्व्हरने शहर सोडायला बजावलेही होते. तो गेला नाही आणि हल्ल्याच्या रात्री मेला. पत्रलेखकांनी हे सारे गाळले. माणसे अखेर ग्रह सोडतात, हे खरे. मात्र खून म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या समाजाला आता तो करता येतो, आणि हे सेल्व्हर स्वतःच शेवटी बोलून दाखवतो. व्हिएतनाम युद्ध पेटलेले असताना लेखिकेने हे लिहिले. बंडखोरांची बाजू घेऊनही तिने त्यांचे रक्ताळलेले हात झाकले नाहीत, म्हणून मला ही कादंबरिका मोलाची वाटते.

– एक वाचक, सातारा