इंग्रजी धावते, मराठी चालते

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी एका शब्दावर नऊ महिने घालवले. शब्द कोणता, तर पहिलीतल्या पोरालाही येणारा, तीन अक्षरी ‘रन’. कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी त्यांनी ही नोंद नव्याने लिहायला घेतली आणि ती पुरी झाली तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच अर्थ भरले ६४५. नाम म्हणून या शब्दाचा जो वापर होतो, त्याचा हिशेब वेगळाच. त्याआधी सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता. १९८९च्या वीस खंडी दुसऱ्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ दिलेले होते.

आकडा मोठा आहेच, पण मला जास्त अप्रूप आहे ते त्या नऊ महिन्यांचं. ज्या शब्दाकडे कुणी वळूनही बघत नाही, त्याच्यापाशी एक माणूस इतका काळ बसून राहिला आणि त्याच्या संस्थेने त्याला बसू दिलं.

६४५ अर्थ म्हणजे ६४५ सुट्या गोष्टी नव्हेत. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या पोटात पायांनी धावणं आणि पाण्याने वाहणं अशा दोन क्रिया एकत्र नांदत होत्या. जर्मनमध्ये त्यांची वाटणी झाली. धावायला ‘रेनेन’ आणि पाझरायला, वाहायला ‘रिनेन’. इंग्रजीने वाटणी केलीच नाही. म्हणून घोडा ज्या क्रियापदाने पळतो, त्याच क्रियापदाने नदी वाहते, नाक गळतं, भिंतीवरच्या ओल्या रंगाला ओघळ येतात आणि धुण्यात लाल साडीचा रंग पांढऱ्या सदऱ्याला लागतो. विहीर आटली तरी हेच क्रियापद हजर. आपण ‘ते त्यांच्या घराण्यातच आहे’ म्हणतो, तिथे इंग्रज माणूस म्हणतो की ते घराण्यातून वाहत आलंय. या दोन मुळांवर बोट ठेवलं की बरेचसे अर्थ आपोआप रांगेत उभे राहतात.

पुढची मोठी भर यंत्रांनी घातली. सायमन विंचेस्टर यांनी गिलिव्हर यांच्या कामाबद्दल लिहिताना हाच मुद्दा मांडला होता आणि मला तो पटतो. १८२५ साली स्टॉकटन ते डार्लिंग्टन आणि १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर अशी आगगाडी सुरू झाली. गाडी रुळांवरून धावते हे तर उघडच होतं. पण मग गिरणीतलं इंजिन जागच्या जागी फिरत असलं तरी ‘रन’ होऊ लागलं. इंजिन चालवणारा माणूस आला, तसा गिरणी चालवणारा मालक आला, शाळा चालवणाऱ्या बाई आल्या, सरकार चालवणारे आले. संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी नवीन क्रियापद शोधत बसायची गरजच पडली नाही. एखादी गोष्ट अगदी सामान्य, सर्वसाधारण असेल तर तिला ‘रन ऑफ द मिल’ म्हणतात, तेही यंत्रयुगातलंच. गिरणीतून निघालेला, प्रतवारी न केलेला, जसा आला तसा माल.

आता आपल्या बाजूने बघा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, तेव्हा या नव्या जगासाठी मराठीकडेही एक क्रियापद तयारच होतं. मात्र ते धावणं नव्हतं, चालणं होतं. आपली गिरणी चालते, घड्याळ चालतं, कोर्टात खटला चालतो, नाक्यावरचं दुकान बरं चालतं. बाई घर चालवते, मुलगा वंश चालवतो असं म्हणायची रीत होती. समोरच्यापुढे आपलं काही चालत नाही. लबाडाला आपण ‘चालू’ म्हणतो. आणि दिवसभरात आपण जे हजारदा म्हणतो ते ‘चालेल’. लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ साली सुरू झालं आणि २०२०च्या मार्चपर्यंत अखंड होत राहिलं. त्याचा इंग्रजीत ‘रन’ सांगतात. आपलं नाटकही चालतंच, पण फार चाललं की ते ‘धो धो’ चालतं, म्हणजे आपल्याकडेही शेवटी पाणी आलंच.

एकच काम दोन भाषा वेगवेगळ्या चालीने करतात, हे बघायला मला फार आवडतं. काही ठिकाणी उलटही होतं. घाईच्या भेटीला इंग्रजीत उडती भेट म्हणतात, आपली भेट धावती. अमेरिकेतला पुढारी निवडणुकीला ‘रन’ करतो, ब्रिटनमधला उभा राहतो, आणि आपलाही उभाच राहतो. बँक बुडणार अशी कुणकुण लागली की इंग्रजीत बँकेवर ‘रन’ येतो. आपल्याकडे सहकारी बँकांच्या दारात अशा वेळी जे दिसतं ते धावणं नसतं. पासबुक छातीशी धरून, पहाटेपासून उन्हापर्यंत माणसं नुसती उभी असतात.

आणि एक अर्थ मला इंग्रजीत कुठेच भेटलेला नाही. संकटातला माणूस देवाचा ‘धावा’ करतो. इथे हाक मारणारा जागेवरच असतो, धावायचं असतं ते देवाने. ‘धाव रे’ या हाकेचंच नाम झालं. संतांच्या अभंगांतून हा धावा घरोघरी पोचला. संकटात मदतीला येणारा शेजारीसुद्धा आपल्याकडे नुसता येत नाही, ‘धावून’ येतो.

हे सगळं कोशापुरतं राहिलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. माझी एक भाची मिरजेत नर्सिंग शिकून इंग्लंडमध्ये गेली. वृद्धांच्या वॉर्डात काम. जाण्याआधी परीक्षेसाठी तिने इंग्रजी शब्दांच्या वह्या भरल्या होत्या, लांबलांब शब्द, एकेकाचे दोन-दोन प्रतिशब्द. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, “मामा, मोठे शब्द इथे कुणी बोलतच नाही रे. सगळे छोटेच बोलतात आणि छोटेच कळत नाहीत.”

तिने सांगितलेली सकाळ अशी. एक आजी म्हणाल्या, मी ‘रन डाऊन’ झालेय. भाचीला या जोडीचा अर्थ माहीत होता तो गाडीखाली येण्याचा. आजींना म्हणायचं होतं की अंगात त्राण उरलेलं नाही. शेजारच्या खाटेवरचे आजोबा ताप ‘रन’ करत होते. डॉक्टर म्हणाले, चाचण्या ‘रन’ करू. मदतनीस बाईंनी विचारलं, त्यांच्यासाठी अंघोळ ‘रन’ करू का, म्हणजे टबात पाणी सोडू का. कपाटातले हातमोजे ‘रन आऊट’ झाले होते. भाचीसाठी रन आऊट म्हणजे क्रिकेट. वरिष्ठ सिस्टर म्हणाल्या की रुग्णांची यादी माझ्याबरोबर एकदा ‘रन थ्रू’ कर, आणि आज सगळंच ‘रनिंग लेट’ आहे. यातला एक जरी अर्थ उलटा लागला तरी वॉर्डात त्याची किंमत माणसाला मोजावी लागते, हे ती फार गंभीरपणे सांगत होती.

आपल्याकडच्या इंग्रजीच्या शिकवण्यांबद्दल माझी तक्रार इथेच आहे. भारदस्त शब्दांच्या याद्या पाठ करून घेतात. पण भारदस्त शब्द शिकायला सोपा असतो, कारण तो सहसा एकाच अर्थाशी इमान राखतो. कस लागतो तो छोट्या क्रियापदांशी: गेट, टेक, पुट, सेट, रन. त्यांचे अर्थ एकेकटे पाठ होत नाहीत. शेजारी कोण बसलंय ते बघावं लागतं. ‘ओव्हर’ शेजारी आला की तोच ‘रन’ कधी गाडीखाली चिरडतो, कधी भांड्यातून ओतू जातो, कधी ठरल्या वेळेपेक्षा लांबतो, तर कधी कागदावरून नजर फिरवतो. ‘इनटू’ आला की जुना मित्र अवचित भेटतो, नाहीतर गाडी खांबावर आदळते. मुलांना हे वाक्यांत, प्रसंगांत द्यायला हवं, तक्त्यात नव्हे. आपली मुलं ‘लागणे’ असंच तर शिकतात. भूक लागली, ठेच लागली, दिवा लागला, नोकरी लागली, झाडाला आंबे लागले, दार लागलं. आणि एसटी स्टँडवर ‘गाडी लागली’ म्हणजे फलाटाला येऊन उभी राहिली की घाटात कुणाला मळमळायला लागलं, हे पाच वर्षांच्या पोराला कुणी समजावून देत नाही.

शाळेत न शिकवताही मराठी माणसाने या ‘रन’ला आपल्या कामाला लावलंच आहे. मुंबईचा माणूस लोकल ‘रनिंगमध्ये’ पकडतो, आणि घरचे त्याला तसं करू नको म्हणून विनवतात. सुतार कपाटाचं मोजमाप घेतो तेव्हा टेपची जीभ भिंतीला टेकवून, अंगठ्याने दाबून धरतो आणि ‘रनिंग फुटाचा’ भाव सांगतो. म्हणजे रुंदी-उंची सोडा, नुसती सरळ लांबी मोजायची. जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘रनिंग किती झालंय?’ दुकानदार म्हणतो, हा माल ‘रनिंग’ आहे, म्हणजे रोज खपणारा. ठेकेदार काम संपायची वाट न बघता ‘रनिंग बिल’ लावतो. हे अर्थ लोकांनी कामाच्या जागी उचलले, घासले आणि वापरात आणले. यांतला एकही मला परका वाटत नाही.

क्रिकेटमध्ये तर आपण त्याहून सुंदर काम केलं. इंग्लंडमध्ये सुरुवातीच्या काळात धावा काठीवर खाचा पाडून मोजत, म्हणून त्यांना खाचाच म्हणत. ‘रन’ हे नाव पुढे रुळलं. मराठीने त्याची ‘धाव’ केली, आणि ‘रन आऊट’ला शब्द हवा होता तेव्हा थेट तालमीतून आणला: ‘धावचीत’. कुस्तीत पाठ टेकवून हरवणं म्हणजे चीत करणं. पायचीत, यष्टिचीत, त्रिफळाचीत, सगळीकडे तांबड्या मातीतला हा शब्द पांढऱ्या कपड्यांच्या खेळात येऊन बसला. आकाशवाणीवरच्या मराठी धावत्या समालोचनाने तो खेड्यापाड्यांत नेला.

हे सगळं कुठे नोंदवलं जातंय का, ही माझी खरी काळजी आहे. आपल्याकडे पूर्वी झालेलं काम लहान नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ची. त्याने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी १८४७ साली तडीस नेला. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यानंतर मराठी किती बदलली! ‘चालेल’ आज ज्या अर्थछटांनी म्हणतो, होकार, नाइलाज, तडजोड, कधी प्रेमसुद्धा, त्या सगळ्या गोळा करायला ‘चालणे’पाशी कुणीतरी नऊ महिने बसायला हवं. विद्यापीठांनी आणि भाषेसाठी नेमलेल्या संस्थांनी एका माणसाला एवढा वेळ आणि पगार द्यावा, ही मागणी मोठी नाही.

तोवर वाचकांनी मदत करावी. ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ साली इंग्रजी वाचणाऱ्या लोकांना जाहीर विनंती केली होती की पुस्तकं वाचा आणि त्यांतली वाक्यं उतरवून पाठवा. हजारो लोकांनी पाठवली. मरेंनी बागेत बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत त्या चिठ्ठ्या खणाखणांत लावल्या आणि १८८४ साली कोशाचा पहिला भाग निघाला. मरे १९१५ साली गेले, कोश १९२८ साली पुरा झाला. तसं तुम्ही ‘चालणे’ आणि ‘धावणे’ यांची वाक्यं पाठवा. मालवणातली, चंद्रपुरातली, बेळगावातली, इंदूरची, बडोद्याची. पुस्तकातली नकोत, कानावर पडलेली हवीत. मरेंची पद्धत सोपी होती, तीच वापरू. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर डाव्या कोपऱ्यात वर शब्द लिहायचा, खाली तारीख आणि गाव, बोलणारा काय काम करतो ते, आणि मग वाक्य जसं ऐकलं तसंच. व्याकरण सुधारू नका.