झिजणाऱ्या देहाला रोजाचा आग्रह नको
कॅन्सरचा रुग्ण सुकत चालला की घरचे म्हणतात, 'खातच नाही, मग अंगाला कसं लागेल?' मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. या आजारात साठलेली चरबी वितळते, स्नायू झिजतात. नुसतं जास्त खाऊ घालून ही झीज पूर्ण भरून येत नाही. 2011 साली उंदरांवरच्या प्रयोगात चरबी फोडणारं एक एन्झाइम काढून टाकलं, तेव्हा चरबी आणि स्नायू दोन्ही वाचले. पण प्रयोगशाळेची वाट बघत बसू नये. सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 3 किलोहून अधिक वजन आपोआप घटलं, तर डॉक्टरांना लगेच सांगावं. रमजानात अशा रुग्णाला रोजाचा आग्रह करू नये. कुरआनने सूरह बकरामध्ये आजाऱ्याला सवलत दिली आहे. ती नाकारणारे आपण कोण?