सिंगापुरास जाण्यापूर्वीं

परदेशीं जाऊन विद्या मिळवावी ही हौस आतां केवळ मुंबई-पुण्याच्या धनिकांची राहिलेली नाहीं. साताऱ्याच्या पेठेंतला दुकानदार, सांगलीकडचा हळदीचा शेतकरी, फार काय आमच्यासारखा एखादा शिक्षकही बँकेचें कर्ज काढून मुलास समुद्रापार धाडावयास तयार होतो. विलायत व अमेरिका यांच्या जोडीस अलीकडे सिंगापुराचेंही नांव वरचेवर कानीं येतें. म्हणून त्याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस चार शब्द सांगावे असें आम्हांस वाटतें.

हें बेट केवढें? त्याचें क्षेत्रफळ सुमारें 735 चौरस किलोमीटर; म्हणजे सांगली जिल्ह्याचा दहावा हिस्साही नव्हे. वस्ती मात्र 60 लाखांच्या घरांत. कायम रहिवाशांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश चिनी, शेंकडा 13 च्या आसपास मलायी व शेंकडा 9 च्या आसपास भारतीय वंशाचे. राजभाषा चार: मलायी, मँडरिन चिनी, तामीळ आणि इंग्रजी. राष्ट्रगीत मलायींत, तर शाळेंतील शिक्षण इंग्रजींत. देऊळ, मशीद, चर्च व बौद्ध विहार एकाच रस्त्यावर दिसले तरी तेथें कोणास नवल वाटत नाहीं.

आमचा एक माजी विद्यार्थी तेथें यंत्रशास्त्र शिकत आहे. गेल्या नाताळच्या सुटींत तो आम्हांस भेटावयास आला. वसतिगृहांत त्याच्या खोलीच्या एका अंगास मलायी मुसलमान मुलगा राहतो व दुसऱ्या अंगास चिनी बौद्ध. भोजनगृहांत हलाल अन्नाचीं ताटें परत ठेवण्याची जागा निराळी, इतरांची निराळी. पण त्यावरून कोणी कोणास हिणवीत नाहीं. हें सर्व सांगून झाल्यावर तो थोडा थांबला व म्हणाला, “सर, वर्षाच्या आंत मी त्या दोघांच्याही घरीं जेवलों. आपल्या गांवीं मात्र आमच्या गल्लीच्या टोकाला जी वस्ती आहे, तेथें अठरा वर्षांत मी एकदांही पाणी प्यालों नाहीं. आणि हें माझ्या ध्यानांत यावयास सिंगापुरास जावें लागलें.”

त्याचें बोलणें ऐकून आम्हीं मान खालीं घातली. कारण तो मुलगा तब्बल सहा वर्षें आमच्याच वर्गांत बसत होता.

सिंगापुरचे लोक स्वभावतःच सलोख्याचे आहेत, असें मात्र कोणीं समजूं नये. 1964 सालीं पैगंबरजयंतीच्या मिरवणुकींत चिनी व मलायी लोकांत दंगा पेटला व माणसें प्राणांस मुकलीं. त्या जुलैच्या 21 तारखेची आठवण म्हणून तेथील शाळांतून दरवर्षीं सलोख्याचा दिवस पाळितात. 1965 सालीं देश स्वतंत्र झाल्यावर सरकारनें ही गोष्ट दैवावर सोडली नाहीं. तेथील बहुसंख्य लोक सरकारनें बांधलेल्या इमारतींत राहतात. 1989 पासून प्रत्येक इमारतींत कोणत्या वंशाचीं किती घरें असावीं याची मर्यादा ठरविलेली आहे. हेतु हा कीं, चिन्यांचा निराळा वाडा व मलायांची निराळी आळी होऊं नये.

कायद्यानें मनें जुळतात काय, असा प्रश्न कोणी विचारील. जुळत नाहींत, हें आम्हांसही मान्य आहे. शिवाय ह्या मर्यादेमुळें घर विकतांना अल्पसंख्याकांस गिऱ्हाईक मिळणें कठीण जातें, अशी तक्रारही तेथें आहे. परंतु कायदा निदान शेजार घडवितो, आणि शेजारावांचून स्नेहास वाव कोठला? उलट जेथें शेजार नाहीं तेथें काय होतें, हेंही त्याच बेटावर दिसून आलें. बांधकामावर राबणारे बांगलादेशी व तामीळ मजूर बहुधा शहरापासून दूर मोठमोठ्या निवासांत दाटीनें राहतात. 2020 च्या महामारींत रोग सर्वांत अधिक फैलावला तो त्याच निवासांत. आणि तेव्हां कोठें पुष्कळांचें लक्ष त्यांच्या खोल्यांकडे गेलें. नजरेआड ठेविलेल्या माणसाचें दुःख नजरेस येत नाहीं, मग देश कितीही नेटका असो.

हा सहवासाचा धडा आमच्या भूमीस नवा नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांचें घराणें सांगली जिल्ह्यांतील ऐतवडे बुद्रुकचें. त्यांनीं 1924 सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें आणि निरनिराळ्या जातींचीं मुलें एका पंक्तीस बसविलीं. 1927 सालीं महात्मा गांधी तेथें येऊन गेले. मुलांच्या जेवणाचा खर्च भागेना तेव्हां लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने, शेवटीं मंगळसूत्रही, मोडलें. सिंगापुरानें जें कायद्यानें केलें, तें साताऱ्यांत एका दांपत्यानें पदरमोड करून 65 वर्षें आधीं आरंभिलें होतें. तो वारसा आम्हीं जयंतीच्या भाषणांत जपला. पंक्तींत व शेजारांत किती जपला, हें ज्याचें त्यानें आपल्या मनास विचारावें.

जाणाऱ्यांस व्यवहाराच्या दोन गोष्टीही सांगतों. तेथील सरकार परदेशी विद्यार्थ्यासही शुल्कांत साहाय्य देतें. परंतु तें घेणाऱ्यास पदवीनंतर तीन वर्षें सिंगापुरांतील कंपनींत नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागतो. सही करण्यापूर्वीं हा करार आईबापांनीं समजून घ्यावा. दुसरी गोष्ट भाषेची. तेथील शाळांत मातृभाषा म्हणून तामीळ शिकवितात, हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी व उर्दू यांसही मान्यता आहे; मराठीस नाहीं. तरीही तेथील मराठी मंडळींनीं भाषा सोडलेली नाहीं. 2011 सालीं तिसरें विश्व मराठी साहित्य संमेलन सिंगापुरांतच भरलें. आपली भाषा सांभाळावी, परंतु तिचें कुंपण करूं नये. परदेशीं जाऊन केवळ मराठी मित्रांतच चार वर्षें काढणारा विद्यार्थी पदवी आणील; पण अर्धी विद्या तेथेंच ठेवून येईल.

तेव्हां ज्यास जावयाचें आहे त्यानें अवश्य जावें. परंतु पासपोर्टाचा अर्ज भरण्यापूर्वीं आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत एकदां जाऊन यावें, तेथें कोणाच्या तरी घरीं बसावें आणि पाणी मागून प्यावें. आम्हां शिक्षकांचेंही ह्यांत देणें आहे. ह्या सत्रापासून आमच्या वर्गांतील मुलें दर महिन्यास बाक बदलतील व मधल्या सुटींत शेजाऱ्याबरोबर डबा उघडतील, अशी व्यवस्था आम्हीं केली आहे. काम लहान आहे. परंतु तें सहा वर्षांपूर्वींच करावयास हवें होतें.