पेंढ्याच्या जोडीला चारा बीट



भाताची झोडणी आटोपली, पेंढ्याची उडवी रचून झाली, की वांगणीच्या बाजूचा शेतकरी वर्षाच्या वैरणीची काळजी मिटली असे समजतो. गाय काही तसे समजत नाही. फेब्रुवारीत बांधावरचे गवत वाळले की दूध उतरू लागते आणि दुधाचे आलेले पैसे पेंडीच्या दुकानात जातात. म्हणून दोघा-तिघांनी चारा बीटाविषयी विचारले, त्यांना हे उत्तर.

चारा बीट म्हणजे कोशिंबिरीच्या बीटाचे थोराड भावंड. कंद किलो-दीड किलोचा होतो आणि निम्मा जमिनीवरच असतो, त्यामुळे हातानेही उपटता येतो. याच घराण्यात १७४७ साली जर्मनीत मार्गग्राफ यांना साखर सापडली आणि पुढे साखरबीट निघाले. आपल्याकडे जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने चारा बीटावर बरेच काम केले, कारण खारवट जमीन व पाणी त्याला चालते. आपल्या कोकणपट्टीत पुष्कळ ठिकाणी जमीन आम्लधर्मी असते आणि ती त्याला मानवत नाही. तेव्हा जोधपूरचे उत्पन्नाचे आकडे ऐकून एकर गुंतवू नये. आधी माती तपासून घ्यावी आणि एकच गुंठा लावावा.

तो गुंठाही भाताच्या खाचरात नको. चिखलणीच्या जमिनीत पुढे ढेकळे निघतात आणि बारीक बी त्यांखाली गुदमरते. विहिरीजवळचा, निचऱ्याचा, भाजीचा तुकडा घ्यावा. कुजलेले शेणखत घालून सऱ्या पाडाव्यात आणि पाऊस पुरता गेल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, वरंब्यावर बी टोकावे. दोन वरंब्यांत ७० सें.मी., दोन रोपांत २० सें.मी. अंतर ठेवावे, खोली दोन सें.मी. पुरे. गुंठ्याला २५ ग्रॅम बी लागते. एका बोंडातून बहुधा दोन-तीन रोपे येतात. तीन आठवड्यांनी जोमदार ते एक ठेवून बाकीची काढावीत. इथे हात आखडला तर कंद गाजराएवढेच राहतील.

गुंठ्यात सुमारे ७०० झाडे बसतात. किलोचा कंद धरला तरी ७०० किलो, म्हणजे रोज १० किलोप्रमाणे एका गाईला दोन महिन्यांहून अधिक पुरेल. पण १० किलो कंदात सुके द्रव्य दीड किलोच्या आतबाहेर; बाकी पाणी. बीटाने पेंढा सुटत नाही. साखर भरपूर, प्रथिने कमी, म्हणून थोडी पेंड आणि वालाचा भुसाही चालूच ठेवावा.

आता खरी धोक्याची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका वाडीवर लग्नातला उरलेला भात प्रेमाने गाईपुढे पाटीभर ओतला गेला. सकाळी गाय उठली नाही. मी पोचलो तेव्हा ती रवंथ करीत नव्हती, शेण पातळ आणि आंबूस होते. डॉक्टरांनी खटपट केली, पण गाय गेली. एकदम पोटात गेलेली बीटातली साखर तेच आम्ल तयार करते. यासाठी पहिल्या दिवशी किलोभर कंदच द्यावा, आणि दोन-तीन दिवसांआड किलोने वाढवत तीन-चार आठवड्यांत १० किलोवर जावे. आधी पेंढा खाऊ द्यावा, मग बीट. कंद धुऊन त्याच्या फोडी कराव्यात, नाहीतर घशात अडकतो. कंदांचा ढीग दावे तुटले तरी गुराला पोचणार नाही अशा जागी ठेवावा. रवंथ थांबली की बीट बंद करून लगेच डॉक्टरांना बोलवावे. घरगुती काढ्यांत वेळ दवडू नये.

पाल्याबद्दल आमच्या भागाला वेगळी सूचना आहे. भाताच्या पेंढ्यात ऑक्झॅलेट असते, ते चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. बीटाच्या पाल्यातही तेच. दोन्ही भरपूर घातले तर व्यालेल्या गाईचे हाल होतील. पाला दिवसभर सुकवावा, थोडाच द्यावा आणि खनिज मिश्रण चुकवू नये.

कंद लागतील तसेच उपटावेत; आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांपलीकडे ते टिकत नाहीत. आणि दुकानात भाजीच्या बीटाचे बी हातात देतील, ते घेऊ नका. चारा बीटाचे बी वेगळे असते; दसऱ्याआधीच चौकशी करून मागवून ठेवा.